तानुबाईची रिकामी घागर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. साधासुधा नव्हे, कोरलेला. जाणती माणसे मला वीरगळ म्हणतात, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा आठवणीचा दगड. धुळ्याच्या एका गल्लीत दोन खोल्यांचे संग्रहालय आहे. तिथे खिडकीशेजारी, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. दगडाला काही वाटत नाही असे तुम्ही म्हणता, आणि ते बहुतेक खरेच आहे. उन्हाने मी तापतो, थंडीने गार पडतो, त्यापलीकडे मला काही होत नाही. पण तुम्ही आज आलाच आहात, फरशीवर मांडी घालून बसलाच आहात, तर माझी हकिगत सांगतो. चुळबुळ करू नका.

फार फार वर्षांपूर्वी एका पाथरवटाने मला काळ्या खडकातून फोडून काढले आणि माझ्या अंगावर तीन चित्रे कोरली. खाली गाई पळवणाऱ्या चोरांशी लढणारा एक तरुण आहे. मधे तोच तरुण, त्याला दोन अप्सरा स्वर्गात नेत आहेत. वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसला आहे. पाथरवट घाईत असावा, कारण चार गाईंपैकी एकीला त्याने शिंगेच दिली नाहीत. इथे येणारी मुले ते पहिल्या झटक्यात हेरतात आणि खो खो हसतात. मोठ्यांच्या ते ध्यानातही येत नाही.

दोंडाईच्यापासून दोन कोसांवर निमखेडी नावाचे गाव आहे. त्या गावाच्या वेशीवर, एका कडुनिंबाखाली, मी शेकडो वर्षे उभा होतो. गावकरी मला वीरबाबा म्हणत. लग्न झालेली जोडपी पाया पडायला येत, बैल आजारी पडला की त्याचा मालक तेल घेऊन येई. शेंदूर थापून थापून माझे नाकडोळे बुजले होते. मानमरातब म्हणतात तो मी पुष्कळ भोगला. त्याचे मला फार अप्रूप होते अशातला भाग नाही. तेल ओतले की माश्या बसत, एवढे आठवते.

माझे खरे काम मात्र वर्षातून एकदाच असे, आखाजीला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात त्या दिवशी घरोघर मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबे ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. मग घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव घेऊन पाणी सोडतात. वैशाखाच्या उन्हात त्याची तहान भागावी म्हणून. नाव घेतल्याशिवाय ते पाणी पोचत नाही. निमखेडीत याला जोडून आणखी एक रीत होती. जो परमुलखात मेला, ज्याचा देह गावाला परत आला नाही, त्याची घागर घरात भरायची नाही, माझ्यापाशी भरायची. म्हणून दर आखाजीला माझ्यापुढे पाच-सहा घागरी असत. कोणाचा मुलगा नागपूरकडे पटकीने गेलेला, कोणाचा बाप काशीच्या वाटेवर.

अशाच एका आखाजीला तानुबाई आली. १९१९ साल असेल. वीस वर्षांची असेल नसेल. कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिने नवीकोरी घागर माझ्यापुढे ठेवली. बायकांनी आत पाहिले, तर घागर रिकामी.

तिचा नवरा लढाईला गेला होता. खच्चरांच्या पलटणीत भरती झाला आणि आगबोटीने इराकातल्या बसऱ्याला पोचला. तिथून एक कार्ड आले, त्यात ऊन फार आहे असे लिहिले होते. पुढे काहीच नाही. लढाई संपली, शेजारच्या गावची दोन माणसे परतली, हा परतला नाही. तिचा सासरा अभिमन आबा पायी चालत कचेरीत गेला. तिथे याद्या पाहिल्या. मेलेल्यांत नाव नाही, जखमींत नाही, परतलेल्यांत तर नाहीच. कारकून म्हणाला, "कागद येईल, वाट पाहा." आबांनी सुनेला तेच सांगितले.

आता तिने काय करावे? घागर भरली, तर नवरा मेला हे स्वतःच्या हाताने कबूल करायचे. भरली नाही आणि तो खरोखर गेलेला असला, तर तो त्या परक्या उन्हात तहानलेलाच राहायचा. म्हणून ती घागर आणायची आणि रिकामीच परत न्यायची. दर वर्षी नवी घागर. वाकून एवढेच म्हणायची, "यंदा बी रिकामीच, बाबा." पहिली दोन-तीन वर्षे ती रडली. मग रडणे थांबले. नंतर नंतर ती हे वाक्य असे बोले, जसे कोणी दारात वाळत घातलेले कपडे उचलते.

बायका काही गप्प बसत नसत. "भरी टाक ना माय, तो तठे पानी पानी करत व्हई," एक म्हणे. दुसरी म्हणे, "भरू नको, कपायनं कुकू पुसाई जाई." तानुबाई दोघींचेही ऐके आणि घागर उचलून चालू लागे.

१९२८ साली गावावरून नवी सडक जायचे ठरले. मुकादमाने माझ्या पाठीवर चुन्याचा पट्टा ओढला, म्हणजे माझी खडी होणार होती. गावाने हळहळ केली आणि एका दगडासाठी कोण भांडणार म्हणून तोंड फिरवले. इतक्या वर्षांच्या तेलाशेंदराची ही किंमत. त्याचेही मला विशेष काही वाटले नाही. तेवढ्यात तोताराम मास्तर आले.

मास्तर म्हणजे जुन्या वस्तूंचे वेड लागलेला माणूस. शाळेतून सुटी मिळाली की गावोगाव हिंडायचे, नाणी, पोथ्या, ताम्रपट जमवायचे. धुळ्याचे कापसाचे व्यापारी दलिचंद शेठ यांनी आपल्या गोदामाच्या पुढच्या दोन खोल्या त्यांना दिल्या होत्या. तिथे मास्तरांनी संग्रहालय मांडले होते. ते मुकादमाशी भांडले, गावकऱ्यांना दटावले आणि मला बैलगाडीत घातले. गावाने एकच अट घातली, की आखाजीच्या दिवशी आम्हांला याच्यापाशी येऊ द्यावे. मास्तर म्हणाले, "खुशाल या. फक्त पाणी नको. ओलीने माझ्या पोथ्यांना वाळवी लागेल."

संग्रहालयात त्यांनी आठ दिवस बसून माझा शेंदूर खरवडला. माझे नाकडोळे पुन्हा मोकळे झाले. मास्तर आनंदाने नाचायचेच बाकी राहिले होते. "यादवकालीन! अस्सल यादवकालीन!" असे ते येईल त्याला सांगत. माझ्या डोक्यावर पाटी लागली, हात लावू नये, कुंकू वाहू नये, पाणी घालू नये. देवाचा मी असा आठ दिवसांत वस्तू झालो.

गल्लीत सुरुवातीला भलतीच गंमत होती. रविवारी जेवणे झाली की माणसे पाय मोकळे करायला आमच्याकडे येत. बाजाराच्या दिवशी खेड्यातले लोक डोक्यावर गाठोडी घेऊन येत. ते या जागेला अजबखाना म्हणत. एक म्हातारा शेतकरी जुन्या नांगराच्या फाळापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "याना परीस चांगला मना घर शे. माले काबर नही मांडत आठे?" घर याहून जुने, मग मलाच का मांडत नाही, हा त्याचा सवाल ऐकून मास्तरांना हसू आवरेना. दलिचंद शेठांच्या मातोश्री पानबाई रोज देवदर्शनाहून परतताना डोकावत. तलवार असो, पोथी असो, दुसऱ्या खोलीतले तापीच्या पुराचे तैलचित्र असो, त्या प्रत्येकापुढे हात जोडत. कोण जाणे कुठे कोणता देव बसला असेल, असा त्यांचा हिशेब.

पहिल्या आखाजीला निमखेडीची सात माणसे आली. पाणी घालू देत नाहीत हे पाहून त्यांचा विरस झाला. पुढच्या वर्षी तिघे आले. मग गावाने ठरवले की कडुनिंबापाशीच घागरी भरायच्या, बाबा नसला तरी त्याची जागा तर आहे. त्यानंतर एकटी तानुबाई येत राहिली. तिच्या घागरीत पाणी नसायचेच, त्यामुळे तिला पाटीची अडचण नव्हती. शिवाय इथे कोणी तिला भर किंवा भरू नको म्हणत नव्हते. दोंडाईच्याची पहिली सर्व्हिस मोटार धरून ती यायची, माझ्यापुढे घागर ठेवून तासभर बसायची आणि दुपारच्या मोटारीने परत जायची. दुसऱ्या खोलीत तिने कधी पाऊलही टाकले नाही. मीही तिच्याकडे पाहत असे, जसा समोरच्या भिंतीकडे पाहतो तसा. खोटे कशाला सांगू?

१९३४ साली मास्तर वारले. संग्रहालय हिलालकडे आले. हिलाल आधी तिथला शिपाई होता. झाडलोट, पाणी भरणे, कुलूप लावणे ही त्याची कामे. लिहायला-वाचायला मास्तरांनी शिकवलेले. माणूस सालस, पण मास्तरांचे ते वेड त्याच्यात नव्हते. येणारे कमी झाले. पानबाईंचे पाय थकले. आठवडेच्या आठवडे कोणी दार ढकलत नसे. कपाटांच्या काचांवर धूळ बसली. शिंगे नसलेल्या गाईला हसायलाही कोणी उरले नाही.

१९३६ च्या आखाजीला उन्हाने तानुबाईला घेरी आली. हिलालने तिला पाणी पाजले, धरून मोटारीत बसवले. त्या गडबडीत घागर माझ्यापुढेच राहिली.

दोन महिन्यांनी निरोप आला की मुंबईहून एक विद्वान साहेब संग्रहालय पाहायला येणार. हिलालची तारांबळ उडाली. काचेच्या कपाटातला एक कप्पा रिकामा होता, तिथली नाणी मास्तर कोणालातरी अभ्यासाला देऊन बसले होते. रिकामा कप्पा बरा दिसेना. हिलालने इकडेतिकडे पाहिले आणि ती घागर पुसून कप्प्यात ठेवली. वहीत तिला नंबर दिला. जाड कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले, 'मातीची घागर. मृत पुरुषाच्या नावे पाण्याने भरतात. काळ अज्ञात.' खाली संग्रहालयाचा गोल शिक्का मारला. गंमत अशी, की साहेब सगळ्यात जास्त वेळ त्या घागरीपुढेच उभे राहिले आणि "फार सुंदर नमुना" म्हणाले. हिलालची छाती फुगली. कुंभाराकडची दोन आण्यांची घागर, तिला नमुना म्हटलेले ऐकून मला हसूही आले नाही.

पुढची आखाजी आली. तानुबाई नवी घागर घेऊन आत शिरली आणि कपाटापुढे थबकली. आपल्या घागरीच्या काठाचा टवका तिने ओळखला.

"हिलालभाऊ, ही मन्ही घागर शे."

"तुझीच, अक्का. पण आता तिला नंबर पडला. संग्रहालयाची झाली ती," हिलाल जरा ओशाळून म्हणाला.

तानुबाईने काचेला नाक लावले. "या कागदवर काय लिखेल शे?"

हिलालने वाचून दाखवले. 'मृत पुरुषाच्या नावे' हे शब्द आले तेव्हा तिने बोटाने शिक्क्याकडे दाखवले.

"आनि हाऊ शिक्का शे का?"

"आहे की. शिक्क्याशिवाय कसे चालेल?"

मग अगदी सहज बोलली, "मंग कागद ऊना म्हना."

कागद आला म्हणते, तो कोणता, हिलालला काहीच कळले नाही. मला मात्र कळले. अठरा वर्षे सरकारच्या कागदाची वाट पाहणाऱ्या त्या बाईने शिक्का पाहिला आणि तोच तो कागद असे समजली. कुठूनतरी बातमी लागली असेल, म्हणून यांनी माझी घागर मेलेल्यांच्या कपाटात ठेवली, असे तिला वाटले. मित्रांनो, माझ्या जन्मात मला बोलता यावे असे एकदाच वाटले, ते तेव्हा.

तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. ती माझ्यापुढे येऊन बसली, पदराने कपाळावरचे कुंकू पुसले आणि उजवे मनगट माझ्या कडेवर आपटले. हिरव्या काचा फरशीवर उडाल्या. तिने डावा हात उचलला, तेवढ्यात हिलाल ओरडला, "अक्का, थांब! हे काय करतेस?"

"कागद ऊना ना. तूच वाची दिन्हा."

हिलाल धावत आला. तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. शहरी बोलणे विसरला. "अक्का, तो कागद सरकारना नही. मी लिखेल शे. साहेब येवाव व्हता, कप्पा रिकामा दिखे, म्हनीसन मी तुन्ही घागर ठी दिन्ही. माले काही म्हाईत नही. तो जिता शे का नही, माले काही म्हाईत नही."

तानुबाई तशीच बसून राहिली. एक हात उघडा, त्याला थोडे रक्त आलेले. दुसऱ्या हातात बांगड्या. बाहेर गल्लीतून बर्फाचा गोळा विकणारा घंटा वाजवत गेला. तिने आधी एका हाताकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे.

"मंग सरकार कधय लिखी?" तिने विचारले.

"नही लिखी, अक्का. आते कोनीच नही लिखी."

आता कोणीच लिहिणार नाही, हे तिला याआधी कोणीच सांगितले नव्हते. कारकुनाने नाही, आबांनी नाही, गावातल्या बायकांनी नाही. तिने मनगटावरचे रक्त पदराने पुसले. मग म्हणाली, "मंग तू लिख."

"मी कोन लिखनार? मी मास्तर नही, सरकार नही."

"तुले लिखता येस ना? मंग लिख. कोनीतरी लिखाले जोयजे."

हिलाल उठला. कपाट उघडून त्याने तो जुना कागद काढला आणि फाडून टाकला. नवा जाड कागद घेतला, दौत घेतली, टाक बुडवला. आणि थांबला. इतकी वर्षे ही बाई येत होती, आणि तिचा माणूस कोण हे त्याने विचारलेच नव्हते.

"नाव काय त्यासनं, अक्का?"

मित्रांनो, त्या काळी बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. घेतले तर नवऱ्याचे आयुष्य कमी होते अशी समजूत होती. माझ्यापुढे ती एवढ्या वेळा बसली, पण ते नाव तिच्या ओठांवर कधी आले नव्हते. ती "ते" म्हणे किंवा काहीच म्हणत नसे. आता ती खाली पाहत राहिली. ओठ हलले, आवाज निघाला नाही. हिलालने टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि मान खाली घालून बसून राहिला. त्याने घाई केली नाही, हे त्याचे मोठेपण.

"झुलाल," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, जणू शेतातून कोणाला जेवायला हाक मारावी तशी, "झुलाल. झुलाल अभिमन."

हिलालने लिहिले, आणि लिहिलेले वाचून दाखवले. 'झुलाल अभिमन, राहणार निमखेडी. लढाईस गेला. परत आला नाही.' मेला असे त्याने लिहिले नाही, कारण ते त्याला माहीत नव्हते. त्याने शिक्का मारला. तानुबाईने ते आणखी एकदा वाचायला लावले. मग कागदाची घडी करून पदराच्या गाठीत बांधला.

"आते पानी दे, भाऊ."

'पाणी घालू नये' ही पाटी माझ्या डोक्यावरच होती. हिलालने ती उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. आतल्या माठातले पाणी त्याने स्वतः कळशीने आणले. आखाजीचे डांगर नव्हते, आंबा नव्हता, सांजोरी नव्हती. तिने आणलेली नवी घागर काठोकाठ भरली. तानुबाईने ओंजळीत पाणी घेतले, ते नाव पुन्हा एकदा घेतले आणि पाणी माझ्या पायाशी सोडले. मग डाव्या हातातल्या बांगड्या तिने फोडल्या नाहीत. एकेक करून काढल्या आणि घागरीशेजारी ठेवल्या. ती रडेल असे हिलालला वाटत होते. ती रडली नाही. "मोटार सुटी जाई," म्हणाली आणि निघून गेली.

ती पुन्हा कधी आली नाही. येण्याचे कारणच उरले नव्हते. मला बरे वाटले की वाईट, हे आज दहा वर्षांनीही मला ठरवता येत नाही. एवढे खरे, की त्या दिवशी पायाशी आलेली ओल मी अजून विसरलेलो नाही. हिलालने ती चार दिवस पुसली नाही. एकाही पोथीला वाळवी लागली नाही.

आता देश स्वतंत्र होणार म्हणून गल्लीत पताका लागल्या आहेत आणि तुमच्यासारखी मुले पुन्हा येऊ लागली आहेत. या, जरूर या. गाईला हसा, हरकत नाही. काचेवर श्वास सोडून बोटाने चित्रे काढू नका, हिलालची कंबर आता दुखते. पण एक मागणे आहे. माझ्या अंगावर एवढी कोरीव चित्रे आहेत, आणि अक्षर मात्र एकही नाही. तो तरुण कोणासाठी लढला, कोणत्या आईचा होता, त्याच्या मागे कोण बसून राहिले, हे पाथरवटाने कोणाला विचारले नाही. विचारले असेल, तर कोरले नाही. मास्तरांनी उभे आयुष्य त्याचे नाव शोधले, ते सापडले नाही. तुमच्या घरात म्हातारे कोणी असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा. जे गेले आणि परतले नाहीत त्यांची नावे विचारा. नाव लगेच येणार नाही. घाई करू नका, टाक हातात धरून बसून राहा.